पापलेटचा सन्मान आणि समुद्राचा हिशेब

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटला राज्य माशाचा दर्जा दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी, ज्याहून लहान मासा पकडू नये अशी किमान लांबीही ठरवून देण्यात आली. पापलेटसाठी ख्यातनाम असलेल्या सातपाटी बंदरात या निर्णयांचे स्वागत झाले हे स्वाभाविकच होय. तथापि एखाद्या जातीला राजमान्यता देण्याची निकड भासते ती बहुधा तिची चणचण जाणवू लागल्यावरच. शिवाय कोणताही मासा एकटा जगत नाही. त्याला जगविणारी साखळी सुरक्षित नसेल, तर सन्मान कागदावर राहतो आणि टोपली रिकामी होत जाते.

ही साखळी कशी तुटते याचा धडा उत्तर पॅसिफिक महासागराने जगाला दिला आहे. तेथील थंड पाण्यात केल्प नावाच्या प्रचंड समुद्रशैवालांची अक्षरशः अरण्ये उभी असतात आणि त्यांच्या आश्रयाने असंख्य जलचर वाढतात. या शैवालांवर काटेरी अर्चिन चरतात आणि अर्चिनांना समुद्री पाणमांजर खाते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मऊ कातड्यासाठी पाणमांजराची बेसुमार शिकार झाली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतरच तिला आळा बसला. १९७४ मध्ये जेम्स एस्टिस आणि जॉन पामिसानो या शास्त्रज्ञांनी अल्यूशन बेटांची तुलना प्रसिद्ध केली. जेथे पाणमांजर टिकले तेथे केल्पची दाटी होती. जेथे ते नाहीसे झाले तेथे अर्चिनांनी तळ बोडका केला होता. उत्तर कॅलिफोर्नियात २०१३ पासून अर्चिन खाणारे तारामासे रोगाने मेले, पाठोपाठ पाणी तापले आणि काही वर्षांतच केल्पची नव्वद टक्क्यांहून अधिक अरण्ये गेली. त्या अरण्यांवर जगणारा अबलोनी हा खाद्य शंख उपासमारीने मेला आणि २०१८ मध्ये तो वेचण्यास बंदी घालावी लागली. कातड्याच्या व्यापाऱ्याला अरण्य तोडायचे नव्हते. पण त्याच्या नफ्याची किंमत त्या व्यापाराशी काडीचाही संबंध नसलेल्यांनी मोजली.

पालघरच्या किनाऱ्यावर केल्प नाही. त्याला थंड, नितळ पाणी आणि खडक लागतो. येथे पाणी उबदार व गढूळ आहे. परंतु अन्न आणि आसरा पुरविण्याचे तेच काम येथे तिवरांची बने, खाड्यांची मुखे आणि चिखलाचे पट्टे करीत असतात. तिवरांचा पाला कुजतो, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांच्यावर जवळा आणि माशांची पिले. जवळ्यावर बोंबील जगतो आणि अशा लहान माशांवर घोळीसारखे मोठे मासे. पावसाळ्यात गरिबाच्या घरी कालवण होते ते याच जवळ्याचे आणि सुक्या बोंबलाचे. म्हणून साखळीच्या खालच्या कड्या सांभाळणे हा निसर्गप्रेमी मंडळींचा छंद नसून तो पोटाचा प्रश्न आहे.

या साखळीवर आज तीन बाजूंनी ताण आहे. पहिला ताण मासेमारीचाच. बारीक आसाच्या जाळ्यांत पिलेही ओढली जातात. लहान पापलेट परत सोडणाऱ्या नाखव्याला ठाऊक असते की तेच पिलू उद्या शेजारच्या होडीत जाईल. सामायिक संपत्तीचा असा ऱ्हास अटळ आहे, असे प्रतिपादन गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये केले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र जगभरचे दाखले देऊन दाखविले की, लोकांच्या हाती नियम करण्याचा आणि ते पाळून घेण्याचा अधिकार असेल तर सामायिक संपत्ती टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. डोल जाळ्यांच्या कवी कोणी कोठे माराव्यात याचे संकेत कोळीवाड्यांना नवे नाहीत, आणि ते संकेत मोडले की वसई-उत्तन व सातपाटी-डहाणू यांच्यात वाद कसे पेटतात हेही सर्वश्रुत आहे. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा होऊन दंड वाढले. पण सहकारी संस्थांना सोबत घेतल्यावाचून केवळ दंडाने हे काम होणार नाही.

मात्र संस्था फार तर आपल्या जाळ्यांना आवर घालील. कारखान्याच्या नळाला ती काय करणार? हा दुसरा ताण. तारापूर औद्योगिक क्षेत्राचे सांडपाणी नवापूर येथे समुद्राला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक उद्योगांना भरपाईचा आदेश दिला. बोईसरमधील हजारो कुटुंबांची चूल या कारखान्यांवर पेटते हे कोणी नाकारू नये. परंतु सांडपाणी शुद्ध न करता जो पैसा वाचतो तो नफा नव्हे. ती मच्छीमाराच्या खिशातून न विचारता काढलेली रक्कम आहे. कारखान्याच्या ताळेबंदात ती दिसत नाही एवढेच.

तिसरा ताण वाढवण बंदराचा. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. १९९८ मध्ये डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने येथील बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये ते अटींसह मान्य केले. जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३० ऑगस्ट रोजी पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटारोधक बांध असा हा आराखडा आहे. खोल पाण्याच्या बंदराची देशाला गरज असेल. तो युक्तिवाद पोकळ नाही. पण डोल जाळे प्रवाहाच्या जोरावर भरते. प्रवाह बदलला, गाळ सरकला, तर हानी भरावाच्या हद्दीत थांबणार नाही.

येथे नुकसानभरपाईचा हिशेब अपुरा पडतो. होडीच्या मालकाची नोंद असते. खलाशाची, मासे सुकविणाऱ्या आणि बाजारात विकणाऱ्या स्त्रीची बहुधा नसते. शिवाय भरपाई एकदाच मिळते आणि समुद्राचे उत्पन्न दरवर्षी येते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितात बांधावर खर्च झालेला प्रत्येक रुपया वाढ म्हणून मांडला जातो. आटलेला मासा मात्र घट म्हणून वजा होत नाही. अशा एकतर्फी वहीवरून विकासाचा निवाडा करणे शास्त्रशुद्ध नव्हे.

तेव्हा काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. सातपाटीपासून डहाणूपर्यंत प्रत्येक बंदरात उतरणाऱ्या माशांची जातवार व आकारवार नोंद दरमहा प्रसिद्ध व्हावी. आजची नोंद नसेल तर उद्याची हानी सिद्ध कशी करणार? नवापूरच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. किमान लांबीचा नियम केवळ समुद्रात नव्हे, तर लिलावाच्या ओट्यावरही पाळला जावा. भरपाईच्या यादीत खलाशी आणि मासे विकणाऱ्या स्त्रिया यांची नावे यावीत. यांपैकी एकाही गोष्टीला कोट्यवधींचा खर्च नाही. राज्य माशाचा मान देणाऱ्या शासनाने एवढे केले नाही, तर पापलेट बोधचिन्हात उरेल आणि सातपाटीच्या ओट्यावर त्याची वाट पाहावी लागेल.