पाडण्याआधी शाळेचा फोटो काढा

खानदेशातल्या जुन्या शाळांत मुख्याध्यापकांच्या दालनात ग्रुप फोटो टांगलेले दिसतात. पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर उभी राहिलेली मुले, आणि त्यांच्या डोक्यांमागे कौलांची कड, व्हरांड्याचा खांब किंवा कडुनिंबाचा बुंधा. शाळेच्या वास्तूचा इतिहास अनेकदा तेवढाच उरतो. खास इमारतीचा म्हणून फोटो क्वचितच काढला जातो.

फोटोची किंमत या भागाला नवी नाही. मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्यातल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला नेमले होते. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही काढली होती आणि ती १८६४ मध्येच पुस्तकरूपाने आली होती. आज अभ्यासकांच्या हाती ती आहेत. गिल यांची कबर भुसावळला आहे. पुढे चाळीसगावात केकी मूस यांनी घराबाहेर न पडता टेबलटॉप छायाचित्रणात नाव कमावले. असा वारसा असलेल्या भागात शाळांच्या भिंती नोंदीविना पडाव्यात, हे पटण्यासारखे नाही.

अमळनेरचे प्रताप हायस्कूल घ्या. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तिथे शिक्षक होते, वसतिगृहही सांभाळत होते. तिथेच त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. गुरुजींच्या मायेबद्दल भरभरून लिहिले गेले आहे. पण मुलांची खोली केवढी होती, पंगत कुठे बसायची, उजेड कुठल्या खिडकीतून यायचा, हे वर्णनापेक्षा फोटो नेमके सांगतो. जळगावच्या आर. आर. विद्यालयात प्रतिभाताई पाटील शिकल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. शाळेला अशा नावांचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. ती नावे ज्या वर्गांत घडली, ते वर्गही त्याच अभिमानाने जपले पाहिजेत.

मैदानाचा प्रश्न तर याहून निकडीचा आहे. एका बाजूला नव्या खोल्या चढतात, दुसऱ्या बाजूला रस्त्यालगत गाळे निघतात आणि खो-खोचे मैदान आक्रसत जाते. पटांगण कुठवर होते, हे सांगणारा तारखेचा फोटो हाती असेल तर वाद घालणाऱ्याला उत्तर देता येते.

खर्च फारसा नाही. जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्यांचे निर्लेखन होते, तेव्हा पाडण्याआधी चारही बाजूंनी आणि आतूनही फोटो काढून ते शाळेच्या दप्तरी ठेवावेत. नवी इमारत उभी राहिली की त्याच जागेवरून पुन्हा काढावेत. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने साल, जागा, दिशा लिहावी. वाळवी लागलेल्या चौकटीतून फोटो जपून बाहेर काढून त्याची स्कॅन प्रत करावी. हे काम सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घेता येईल; गावातल्या आजी-आजोबांना फोटो दाखवून माहिती विचारणे हा त्यांच्यासाठी इतिहासाचा उत्तम तास ठरेल.

प्रती कुठे ठेवायच्या, याचेही उत्तर जवळच आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतली दप्तरे गोळा करत. १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ पासून तिथले राजवाडे संशोधन मंडळ तो ठेवा सांभाळते आहे. शाळांच्या फोटोंसाठी मंडळाने आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाने मिळून एक संग्रह उभारावा. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण विभागांनी त्यासाठी शाळांना पत्र काढावे.

माजी विद्यार्थ्यांनी मात्र त्या पत्राची वाट पाहू नये. घरातला अल्बम उघडा, शाळेची भिंत, दार, झाड दिसणारा प्रत्येक फोटो शोधा आणि येत्या स्नेहसंमेलनाआधी त्याची प्रत नाव-सालासह शाळेत नेऊन द्या.