बॉनेटखालचे तर्कशास्त्र

जॉन स्टुअर्ट मिलच्या अन्वय आणि व्यतिरेक या पद्धती कलाशाखेत आपण पाठ करतो, परीक्षेत टीप लिहितो, आणि मग त्यांना रामराम ठोकतो. मिलने १८४३ साली मांडलेल्या या पद्धती आजही रोज उपयोगी पडतात असे एक ठिकाण मला ठाऊक आहे. ते म्हणजे जुन्या मोटारीचे बॉनेट. वार्षिकांकात बॅटरी आणि वायरी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु नीट विचार करण्याची शिस्त ही काही ग्रंथालयाची मिरास नव्हे.

मुंबईच्या टॅक्सीमुळे सर्वांच्या ओळखीची झालेली जुनी फियाट घ्या. रात्री ठीक असलेली बॅटरी सकाळी उतरलेली असते. मालक नवी बॅटरी आणतो. तीही उतरते. मग डायनमो बदलतात, मग आणखी काही. केव्हातरी दोष सापडतो, पण तोवर तीन चांगल्या वस्तू भंगारात गेलेल्या असतात. याला दुरुस्ती म्हणणे मला मान्य नाही. हा मटका आहे, आणि तोही दुसऱ्याच्या पैशाने खेळलेला.

खरी रीत अगदी स्वस्त आहे. किल्ली बंद करावी, दारे लावावीत, बॅटरीची अर्थची तार सोडवावी आणि ती तार व बॅटरी यांच्यामध्ये एक टेस्ट लॅम्प जोडावा. तो पेटला, तर गाडी झोपेतही करंट खाते आहे. आता एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजबरोबर दिवा विझेल, त्या वाटेवर चोर आहे. बाकी सारे जसेच्या तसे, एकच गोष्ट बदलली आणि परिणाम नाहीसा झाला. व्यतिरेक पद्धती दुसरी कोणती? सगळे फ्यूज काढूनही दिवा पेटलेलाच राहिला, तर फ्यूजमधून न जाणाऱ्या वाटा तेवढ्या उरतात. डायनमोच्या गाडीत कटआऊटचे पॉइंट चिकटले, म्हणजे इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनमोत रिकामी होत राहते. (फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांविषयी काय बोलावे! फ्यूज दिव्याच्या नव्हे, तारेच्या रक्षणासाठी असतो.)

सर्वांत अधिक फसगत होते ती 'अर्थ'मध्ये. हा शब्द आपल्याही फार परिचयाचा, पण येथे त्याचा अर्थ परतीची वाट. दिव्याला येणारी तार एकच. करंट परततो तो गाडीच्या पत्र्यातून. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत पत्रा बोल्टपाशी गंजतो आणि ती वाट बुजते. मग ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणू लागतो, कारण करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढीत असतो. अशा वेळी बल्ब बदलून काय साधणार? बोल्ट सोडवून पॉलिश पेपर मारला की काम झाले.

इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून ते बॉडीशी जाड पट्टीने जोडतात. ती पट्टी सैल झाली की सेल्फचा करंट चोकच्या केबलमधून परतू पाहतो आणि केबल चक्क तापते. सेल्फ १५० अँपिअर ओढीत असेल आणि जोडात केवळ ०.०१ ओहमचा अडथळा असेल, तर १२ पैकी १.५ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. सेल्फ मारताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर आणि दुसरे इंजिनावर धरावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर सेल्फवर आरोप ठेवण्याआधी ती पट्टी साफ करावी.

मिस्त्री अडाणी म्हणून हे घडत नाही. जुने जाणते मिस्त्री बल्ब आणि दोन तारा घेऊन नेमके हेच करतात. घाई असते ती आम्हा शिकलेल्यांना. नव्या डायनमोचे पैसे आम्ही मुकाट्याने देतो, आणि तासभर शोध घेऊन कोणी एक बोल्ट घासला, तर "एवढ्याशा कामाचे इतके?" म्हणून हुज्जत घालतो. मग त्याने डायनमोच का विकू नये?

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांवर हात बसलेले लोक आहेत तोवर तर्कशास्त्र विभागाने त्यांपैकी एकास एका तासासाठी बोलवावे, एक जुनी गाडी आवारात उभी करावी, आणि फ्यूज विद्यार्थ्यांना काढू द्यावेत. पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढेच मानधन त्यालाही द्यावे.