दुसरं यंत्र पहिल्याच्या जिवावर नको

अमेरिकेत राहून घरच्या गॅरेजमध्ये किटचं विमान बांधणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय.

पंख जोडून झाले की मन पॅनेलकडे धावतं. मोठा रंगीत पडदा घ्यावासा वाटतो. जरूर घ्या. वेग, उंची, दिशा, क्षितिज, सगळं एका नजरेत दिसतं. पण तोच पडदा हवेत काळा पडला, तर तुम्ही कशाकडे बघणार? हे पैसे मोजण्याआधी ठरवा.

आधी स्वतःला विचारा, मी उडणार कुठे? फक्त दिवसा, मोकळ्या हवेत उडणार असाल, तर क्षितिज काचेबाहेर दिसतंच. मग काट्याचा साधा वेगमापक, काट्याचा उंचीमापक आणि होकायंत्र पुरे. त्यांना वीज लागत नाही.

ढगात किंवा रात्री उडणार असाल, तर क्षितिज दाखवणारं दुसरं यंत्र हवंच. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. ढगात उडायचं शिक्षण नसलेले २० जण घेतले आणि त्यांना बाहेरचं दिसेनासं केलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. म्हणून यंत्र घ्या आणि ते वाचायचं रीतसर शिकूनही घ्या.

आता खरी गोष्ट. दुकानात यंत्र हातात घेतलंत की एकच विचारा: मोठा पडदा ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने हेही बंद पडेल का?

विजेपासून सुरुवात करा. दोन्ही एकाच तारेवर असतील, तर ती तार गेली की दोन्ही गेले. स्वतःची बॅटरी असलेलं छोटं यंत्र घ्या. उदाहरणार्थ, गार्मिनचं जी५ आहे. जी५ची बॅटरी नवी असताना चार तासांपर्यंत चालते. पण बॅटरी म्हातारी होते. दरवर्षी वीज तोडून ती किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा.

मग हवेची नळी. पंखाखालच्या पिटोट नळीत बर्फ साचला किंवा गांधीलमाशीने माती भरली, तर तिच्यावरचे सगळे वेगमापक एकदमच खोटं बोलतात. काही यंत्रांना क्षितिज काढायलाही हाच वेग लागतो. तुमच्या यंत्राला लागतो का, हे कंपनीला स्पष्ट विचारा. नळीवर झाकण घाला, आणि उडण्याआधी ते काढायला विसरू नका.

सॉफ्टवेअरचंही तसंच. एकाच कंपनीचे सारखे दोन पडदे एकाच चुकीने अडू शकतात. माझं मत विचाराल, तर दुसरं यंत्र वेगळ्या घराण्यातलं घ्या.

फोनवर विसंबू नका. फोन जमिनीवरचा वेग दाखवतो. मागून २० नॉटचा वारा असेल आणि फोनवर ९० दिसत असतील, तर पंखांना ७०च मिळताहेत. उतरताना हा फरक जिवावर बेततो.

जागेचा विचारही आत्ताच करा. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात, माँटेरेच्या किनाऱ्याजवळ विमान अपघातात गेले. त्यांचं लाँग-ईझी हे घरी बांधलेलंच विमान होतं. इंधनाची चावी बांधणाऱ्याने पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिथवर पोचायला अंग वळवावं लागे. चौकशीत हीच जागा अपघाताच्या कारणांत धरली गेली. अडचणीत लागणारी वस्तू मान न वळवता दिसली पाहिजे. दुसरं यंत्र थेट डोळ्यांसमोर बसवा, कोपऱ्यात उरलेल्या जागेत नको.

विमान बांधून, चाचणीचे तास पूर्ण झाले की एका स्वच्छ दिवशी शेजारी जाणता पायलट बसवा. मोठा पडदा मुद्दाम बंद करा. दुसऱ्या यंत्रावर वळा, चढा, उतरा. दर दोन-तीन महिन्यांनी हे करत जा.

घरच्यांनीही एक करावं. पडदा गेला तर काय कराल, हे विमान बांधणाऱ्याला जेवताना विचारावं. उत्तर लगेच आलं नाही, तर पॅनेलचं काम झालेलं नाही.

पॅनेलचा पत्रा अजून कापला नसेल, तर आज थांबा. तुमच्या खुर्चीसमोर तीन इंचांहून जरा मोठ्या एका गोल भोकाची जागा आखून ठेवा. बाकीचं सगळं तिच्या भोवती बसवा.