धर्मशिक्षणाचा पहिला वर्ग



लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात पवित्र मरिया एलिझाबेथच्या घरी जाते. तिचा आवाज कानी पडताच एलिझाबेथच्या उदरातलं बाळ आनंदाने उसळी घेतं. योहानाने येशूविषयी दिलेली ती पहिली साक्ष. तिला शब्द नव्हते.

तरीही आपण म्हणतो, "तान्ह्या बाळाला काय कळतं?" किंवा, "सारखं घेऊ नका, हाताची सवय लागेल." मला हे पटत नाही. बाळाला पुष्कळ कळतं. १९८० साली अमेरिकेतल्या डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवून दिलं, की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. पोटात असताना ऐकलेला आवाज त्यांच्या ओळखीचा असतो.

त्याच सुमारास एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना बाळासमोर दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसली, हात पुढे केले, आवाज काढले. उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी मान फिरवली आणि रडू लागली. मोबाइलवर नजर खिळलेली असते तेव्हा आपलाही चेहरा बाळाला तसाच दिसतो.

मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी अपुऱ्या दिवसांच्या, नाजूक बाळांच्या शुश्रूषेत त्यांच्या आयांनाच सामील करून घेतलं. १९८९ मध्ये तिथेच त्यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आईची कूस आणि आईचं दूध हेही औषधच आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात सहा-सात वर्षांची मुलं येतात. 'देव आपली हाक ऐकतो' असं मी त्यांना शिकवते, पण हाक मारली की कुणीतरी येतं, हा धडा त्यांनी पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी मांडीवर गिरवलेला असतो. माझा वर्ग त्यानंतरचा.

म्हणून सगळा भार आईवर टाकायचा का? मुळीच नाही. आपल्या सिल्व्हासात कितीतरी बहिणी पिपरिया, मसाटच्या कारखान्यांत पाळीवर जातात. आजी दूर गावी, बाळ शेजारणीकडे. त्यांना दोष देणं हा अन्याय आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आहे. पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ दिलं पाहिजे. आपल्यातले जे भाऊ सुपरवायझर किंवा ऑफिसात आहेत, त्यांनी आपल्या कारखान्यात हे मिळतं का, ते विचारावं. ही दयेची नव्हे, न्यायाची गोष्ट आहे.

बाबांनी संध्याकाळी अर्धा तास तरी बाळाला घ्यावं. सांभाळणाऱ्या शेजारणीने भाजी निवडताना त्याच्याशी बोलावं. वारली असो, कोकणी असो की मराठी, घरात जी भाषा आपसूक तोंडी येते तीच बोलावी. बाळाने 'अं' केलं की थांबावं, उत्तर द्यावं, पुन्हा त्याची पाळी येऊ द्यावी. जपमाळेच्या वेळी बाळाला मांडीवर घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या.

स्नानसंस्कारातल्या 'एफ्फाथा' विधीत फादर बाळाच्या कानांना व ओठांना स्पर्श करतात. या कानांनी प्रभूचं वचन ऐकावं, या मुखाने विश्वास प्रकट करावा, अशी प्रार्थना करतात. ते कान घरी आल्यावर काय ऐकणार, हे आपल्या हाती आहे.

आणि ज्यांना अशी मांडी लाभलीच नाही, त्यांनी यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय उघडावा. आईला एखादवेळी विसर पडेल, पण देवाला आपला विसर पडत नाही, असं अभिवचन तिथे आहे.

हे प्रभू, आमच्या घरातल्या चिमुकल्यांची हाक ऐकण्यासाठी आमचे कान उघड. आमेन.