मावशी : हाक आणि नाते

‘माय मरो, पण मावशी जगो’ ही म्हण प्रथम ऐकताना कठोर वाटते. परंतु पोरक्या झालेल्या लेकराला मायेची सावली कोण देईल, या चिंतेला मराठी समाजाने दिलेले ते उत्तर आहे. संस्कृतातील ‘मातृष्वसा’, म्हणजे मातेची भगिनी, प्राकृताच्या वाटेने मराठीत ‘मावशी’ होऊन आली. हिंदीतील ‘मौसी’ आणि गुजरातीतील ‘मासी’ या तिच्याच बहिणी. वडिलांच्या बहिणीला मात्र मराठीत ‘आत्या’ हा स्वतंत्र शब्द आहे. इंग्रजीने या दोघींसह काकू आणि मामी यांनाही एकाच शब्दात कोंबले. शहरी घरांतील मुले ‘आंटी’ या एकाच हाकेवर सर्वांची बोळवण करू लागतात, तेव्हा आजोळ कोणते आणि कुळ कोणते, ही ओळखही पुसट होत जाते.

मराठीने हा शब्द रक्ताच्या नात्यापुरता राखून ठेवला नाही. १९३६ साली वर्धा येथे राष्ट्र सेविका समितीची स्थापना करणाऱ्या लक्ष्मीबाई केळकर असंख्य सेविकांच्या ‘मावशी’ झाल्या. शाळेत मुलांना सांभाळणारी, रुग्णालयात रुग्णाची सेवा करणारी, घरोघरी धुणीभांडी करणारी स्त्री हीदेखील मावशीच.

परंतु हाक मावशीची आणि वागणूक परक्याची, असे चित्र अनेक घरांत दिसते. वर्षानुवर्षे घरात राबणाऱ्या या मावशीचे नाव काय, ती राहते कोठे, हे घरातल्यांना ठाऊक नसते. तिचा चहाचा कप वेगळा असतो आणि आजारपणातील खाड्यांचे पैसे कापले जातात. हीच का माउलीच्या बहिणीची प्रतिष्ठा? महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. कायदा नोंदणी करील, मंडळ नेमील. उंबरठ्याच्या आतील व्यवहार मात्र कुटुंबालाच सुधारावा लागेल.

एकुलत्या एका मुलीच्या लेकरांना उद्या सख्खी मावशी नसेल. त्यांच्या वाट्याला येईल ती मानलेली मावशीच. म्हणूनच तिला नावाने ओळखणे, तिला पंगतीत बसवणे आणि अडीअडचणीला तिच्या दारी जाणे, हे संस्कार मुलांवर आजच व्हायला हवेत. नात्याने हाक मारणे म्हणजे त्या नात्याचे दायित्व स्वीकारणे होय.