डिशवॉशर का रुसतो?

जोसेफिन कॉक्रन या अमेरिकन बाईंनी आपल्या भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट १८८६ साली मिळवलं. आता असा डिशवॉशर आपल्याकडंही काही घरांत आलाय. पण पेल्यांवर पांढरे डाग दिसले, की सगळे यंत्रालाच नावं ठेवतात. खरा चोर पाण्यात असतो!

आपल्या धाराशिव जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी जड. जमिनीत मुरताना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. पाणी तापवलं, की त्यांचा पांढरा थर बसतो. आंघोळीचं पाणी तापवायच्या पातेल्यात तो रोज दिसतो, होय ना? म्हणून डिशवॉशरमध्ये वेगळं मीठ घालतात. ते भांडी घासत नाही बरं का! पाणी मऊ करणारे बारीक मणी आत असतात, त्यांना ते पुन्हा कामाला लावतं. मीठ संपलं, की डाग आलेच.

भांडी खरकटीच राहिली तर? आधी मोठ्या माणसाकडून बटण बंद करून प्लग काढून घ्या. मग तळातली जाळी बघा. शितं तिथंच अडकतात. पाणी उडवणाऱ्या फिरत्या दांडीची भोकं बुजलीत का, एखादा डाव तिला आडवा येतोय का, तेही बघा. एवढं केलं, की पुष्कळदा मेकॅनिक लागतच नाही.

घरात डिशवॉशर नाही? मग पातेल्यातल्या त्या पांढऱ्या थरावर लिंबू पिळा. फसफसलं का? तो वायू कोणता, ते ओळखा पाहू!