काढलेला एसी परत बसवताना

शक्ती वाढवलेल्या गाडीतून पूर्वी काढून टाकलेला एसी परत बसवला, की रस्त्यावरील तपासणीत त्यालाच ‘अनधिकृत फेरफार’ ठरवले जाते, अशा तक्रारी छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाचकांनी या उन्हाळ्यात या मासिकाकडे केल्या आहेत. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हीच मर्यादा ठामपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आणली. परंतु मूळ तपशील हीच कसोटी असेल, तर कारखान्यातून एसीसह निघालेल्या गाडीत एसी परत बसवणे म्हणजे त्या तपशिलाकडे परतणे होय, आणि त्याला फेरफार म्हणणे हा कायद्याचा सरळसरळ विपर्यास आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या 3.5 टनांवरील मालट्रकांच्या केबिनमध्ये ज्या शासनाने एसी सक्तीचा केला, त्याच्याच अधिकाऱ्यांनी मोटारचालकाला एसीसाठी दंडाची भीती घालावी, याचे समर्थन होऊ शकत नाही. वाढवलेला टर्बो मात्र यामुळे कायदेशीर ठरत नाही, हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे गॅरेजचे कर्तव्य आहे.

व्यवसायाची बाजूही निर्दोष नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून स्कोडा ऑक्टाव्हिया जोडली जाऊ लागली आणि तिच्या 1.8 लिटर टर्बो आरएस आवृत्तीचा शौक या शहरात रुजला. अशा गाडीत मोठा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करणारी जाळी, बंपरमागे सर्वांत पुढे येतो आणि त्याच्या जागेसाठी कंडेन्सर निघतो. एसी परत बसवताना कित्येक गॅरेजे मूळ कंडेन्सर त्या इंटरकूलरमागे कसाबसा दडपतात, कडेच्या फटी उघड्या ठेवतात आणि गाडी सावलीत उभी असताना गेजवरचे आकडे पाहून ती ग्राहकाच्या हवाली करतात. तीच गाडी मे महिन्यात दौलताबादला तटबंदीच्या दरवाज्यातील अरुंद रस्त्यावर बस-ट्रकांमागे अडकली, की समोरून वारा मिळत नाही आणि इंजिनकक्षातील गरम हवा फटींतून पुन्हा कंडेन्सरवर येते. पुढे घाट चढताना टर्बो जोर धरतो तेव्हा इंटरकूलरची उष्णताही त्यात मिळते. आर-134ए हा गॅस 40 अंश सेल्सिअसला सुमारे 9 बार गेज दाबाने द्रवरूप होतो, पण 70 अंशांना त्यासाठी सुमारे 20 बार लागतात, आणि दाब त्याहूनही चढत गेला की दाब-स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गरम वारा येतो म्हणजे गॅस कमी आहे, असे समजून कारागीर वरून आणखी गॅस भरतो. तो जादा द्रव कंडेन्सरच्या नळ्यांत साचतो, उष्णता सोडण्याची जागा घटते आणि हाय साइडचा दाब अधिकच वाढतो. ही चूक दरवर्षी होते आणि दरवर्षी तिचे खापर कॉम्प्रेसरवर फुटते.

कडेच्या फटी पत्रा व फोमने बंद कराव्यात, पूर्ण जाळी झाकणाऱ्या आच्छादनासह पंखा बसवावा आणि तो दाबानुसार चालू करावा. कॉम्प्रेसरमधील पॅग तेल हवेतील ओल शोषते, म्हणून वर्षानुवर्षे उघड्या पडलेल्या यंत्रणेत ड्रायर नवाच हवा. नायट्रोजनने गळती तपासल्यावर व्हॅक्यूम मारावा आणि तो टिकतो की नाही हे पाहूनच गॅस वजनाने भरावा. नवा ईसीयू बसवला असेल, तर एसीची मागणी कळवणारी तार त्याला जोडली आहे ना, हे पाहणे अगत्याचे आहे, कारण त्या तारेशिवाय कॉम्प्रेसर लागताच इंजिनाचे आयडलिंग कोसळते. ती जोडून मॅपिंग नीट केले, तर पूर्ण थ्रॉटलला कॉम्प्रेसर क्षणभर सोडता येतो आणि ‘एसीने गाडीची ताकद खाल्ली’ ही ग्राहकाची तक्रारही राहत नाही. जुना गॅस हवेत सोडणे तर तात्काळ थांबले पाहिजे. शंभर वर्षांच्या हिशेबात आर-134एची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट धरली जाते.

सभासदांनी बिलावर मूळ भागांची नावे, भरलेल्या गॅसचे ग्रॅममधील वजन आणि ‘उत्पादकाच्या मूळ तपशिलानुसार पुनर्स्थापना’ अशी नोंद लिहून द्यावी, तपासणीत हरकत घेतली गेल्यास ती लेखी मागावी आणि तिची प्रत या मासिकाकडे पाठवावी. आलेल्या प्रती एकत्र जोडून परिवहन आयुक्तांकडे लेखी खुलासा मागितला जाईल.